गाऱ्हाण्यापुरते दात

"तोंड मोठं उघडा, काका. आधी निळं औषध, मग लाइट."

दिलेला काळा चष्मा केरूने डोळ्यांवर नीट बसवला. जबड्यात स्क्रू घालून बसवलेल्या त्याच्या पुढच्या दोन दातांभोवती पू धरला होता. डॉ. स्वानंदीने हिरडीत औषध सोडलं आणि पेनाएवढ्या नळीतून लाल प्रकाश त्यावर धरला.

"यानं जंतू मरतील. पण आतलं हाड झिजलंय, ते काही लाइटनं परत येणार नाही. मिश्री लावता का?"

"रोज. चांगली रगडून. दात घट्ट बसतील म्हणून."

"सांगत होते, नका रगडू येवढी," कोपऱ्यातून त्याची बायको सखू म्हणाली. "ऐकतील तर शपथ!"

"तू गप गो. डाक्टरबाय, शिमग्यापुरते तरी ऱ्हाऊ देत. पालखीम्होरं गाऱ्हाणं मी घालतो. दात नव्हते तवा शब्द नुसते फसफसायचे. पोरं हसायची."

"प्रयत्न करते, काका. शब्द देत नाही."

पुन्हा दोनदा प्रकाश देऊन झाला. शिमगा तोंडावर आला आणि दात हलू लागले. काढावेच लागले.

गाऱ्हाण्यात केरू देवाकडे साऱ्या गावासाठी मागे. आंब्याला मोहर, मुंबईकरांना सुख. शेवटी एकच स्वतःचं : "दर्यात गेलेल्या माझ्या रुपेशला घरची वाट दाव." मुलगा ट्रॉलरवर गेला होता. बोट सापडली, तो सापडला नाही. तरी दर शिमग्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणे, आणि त्या होकारावर सखू वर्षभर रुपेशचे कपडे धुऊन वाळत घाली.

पुन्हा हसं नको म्हणून यंदा गाऱ्हाणं परशुरामकडे गेलं. केरू मुद्दाम त्याच्या घरी जाऊन आला.

"माझ्या रुपेशचं तेवढं इसरू नको रे."

"इसरन कसा, काका? माझ्याच बाकावर बसायचा तो."

पालखी सहाणेवर, तिच्या नेहमीच्या चौथऱ्यावर, टेकली. परशुरामचा आवाज खणखणीत होता. मोहर झाला, मुंबईकर झाले. मग तो थांबला आणि त्याने आवाज हळू केला.

"बा म्हाराजा, केरूकाकांचा रुपेश दर्यात गेला. त्याच्या आत्म्याला शांती दे रे म्हाराजा."

त्याने अगदी मनापासून मागितलं होतं.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

सखूने केरूकडे पाहिलं. दात काढल्यापासून तो चारचौघांत तोंडावर रुमाल धरी. रुमालामागे त्या होकाराला त्याचे ओठ हलले की नाही, ते तिला दिसलं नाही.