राईएवढी अफू

भुलीच्या डॉक्टरांनी मुक्ताची पापणी वर करून बॅटरी धरली आणि तिचं वाहणारं नाक स्वतःच्याच रुमालानं टिपलं. चार वर्षांची पोर, दोन दिवसांपूर्वी नगरच्या दवाखान्यात आणल्यापासून सारख्या जांभया देत तळमळत होती. तिच्या हृदयाजवळची एक नळी जन्मतः बुजायची राहिली होती. ती बांधायला आज पुण्याहून सर्जन आले होते.

“हिला अफू देता का?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाई,” लंकाबाई म्हणाली.

तिची सासू झुंबरबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. माझ्या घरात पोरांना अफू चाटवत नाहीत, असं तिनं पाथर्डीपासून कोपरगावच्या उसाच्या फडापर्यंत मिरवलं होतं. पण लंकाबाईनं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कोयता धरायचा तर आजारी पोरीचं काय करायचं, हे कोण सांगणार? पोर रडली की धापा टाकायची, आणि तिला उचलायला गेलं की मुकादमाचं तोंड सुटायचं.

“बाई, भुलीसाठी मी जे औषध देणार ते अफूपासूनच काढतात. पोरीला सवय असेल आणि मला ठाऊक नसेल, तर माझा अंदाज चुकेल. मग जिवाशी गाठ आहे.”

लंकाबाईनं कनवटीची पुडी सोडून खाटेवर ठेवली.

“मी देते. सकाळी, फडावर जाताना. राईएवढीच. आत्याबाईंना ठावं न्हाई.”

आता सासू चारचौघांत आपला उद्धार करणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. घराबाहेर काढलं तरी चालेल, पोर जगू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

झुंबरबाईनं चंची उघडली, सुपारीच्या मागून एक पुडी काढली आणि सुनेच्या पुडीशेजारी ठेवली.

“मी सांजच्याला देते,” ती म्हणाली. “ही भाकरी थापाय बसली का पोर माझ्यापाशी. धापा टाकीत रडती. मला बघवत न्हाई, डाक्टर.”

डॉक्टर रागावले नाहीत. आज ऑपरेशन होणार नाही, आधी ही सवय हळूहळू तोडू, सर्जनना मी सांगतो, असं म्हणाले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासू आज पहिल्यांदा लंकाबाईला आपली वाटली.

“हिच्याआधी मूल झालं होतं?” दाराशी थांबून डॉक्टरांनी विचारलं. “असा आजार भावंडांतही असू शकतो.”

“एक पोरगा हुता, कानिफ,” लंकाबाई म्हणाली. “वर्साचा. लई गुनी, कवा रडायचा न्हाई. त्यालाबी ह्योच आजार असंल. फडावर पाचटाच्या कोपीत निजवला, त्यो उठलाच...”

तिनं सासूकडे पाहिलं.

“त्यालाबी देत हुता, आत्याबाई?”

“तू बी?” म्हातारीनं विचारलं.

खाटेवर मुक्ता रडू लागली. दोघींपैकी एकीचाही हात पुढे होईना. शेवटी डॉक्टरांनीच तिला उचलून घेतलं.