दगड झालेला ताड

"मल्लेशा, त्या पोरीला वर काढ आधी! त्यो शेष हाय, खवलं दिसनात का तुला?" साखराबाईंनी काठावरूनच हळदीकुंकू विहिरीत टाकलं. शेत त्यांचं, विहीरही त्यांचीच. पण चाळीस फुटांवर, काळ्या कातळाच्या खाली, तो खवल्याखवल्यांचा जाड दगड उघडा पडला आणि त्यांनी खोदकामच थांबवलं. "आठ दिस झाले, जमीन गुरगुरून राहिली. उगंच व्हय? त्याच्या अंगाला पहार लागली!"

निलंग्याकडच्या त्या गावात हे सगळ्यांना पटलं होतं. मल्लेशला तर सांगावंही लागलं नाही. दोर-डबा खालीवर करणाऱ्या यारीचा दांडा धरून वीस वर्षं तो माणसांना विहिरीत सोडत आला होता, स्वतः मात्र एकदाही उतरला नव्हता. किल्लारीच्या भूकंपात, नऊ वर्षांचा असताना, आईच्या कुशीत सहा तास मातीखाली होता तो. आईचा श्वास पहिल्या तासातच थांबला होता. कीर्तनात बुवा शेषाच्या फण्यावरची पृथ्वी रंगवून सांगू लागले की मंडळी डोलायची. मल्लेश मात्र टाळ मांडीवर ठेवून हळूच फरशीला तळवा लावून बघायचा.

आणि आज त्याची लेक उज्वला खाली होती. कॉलेजात झाडापाल्याचं शास्त्र शिकणारी, ऐकते कुठली!

"अप्पा, साप न्हाई ओ! ताडाचं खोड हाय, दगड झालंय! झावळ्या गळल्याच्या खुणा हायत ह्या!"

तेवढ्यात जमीन गुरगुरली. अगदी पोटातून. काठावरचा मुरूम सरसरत आत गेला. माणसं ओरडत पांगली.

"उज्वला!"

खालून नुसता धुरळा वर आला.

मल्लेश मागे वळला. "दयानंदा, दांडा धर."

सोबतचा दयानंद हबकला. "तुमी? खाली? अन् मला नीट येतंय व्हय अजून?"

"येतंय म्हण."

यारीच्या डब्यात बसून, दोर धरून तो उतरला. डोळे गच्च मिटलेले. पांडुरंगाचं नाव घ्यावं तर तेही धड निघेना.

उज्वला खोडाला चिकटून बसली होती, कपाळ खरचटलेलं. त्याला बघताच ती बोलत सुटली. भ्याली की तिचं असंच व्हायचं.

"अप्पा, दोन लाव्ह्यांच्या मधी हितं लई वर्षं शांत होतं. माती झाली, तळं झालं, ताड वाढले. मंग परत लाव्हा आला, वरचा काळा कातळ त्योच."

"आन झाडं?"

"हितली गेली. पण बी लांब लांब पोचलं होतं. मंग जमीन सरकली, डोंगर उठले, पाऊस आटला. कुणाची पानं बारीक झाली, कुणाला काटे आले. जिथं जशी हवा, तिथं तशी नवी जात निघाली. आपली बोर-बाभूळ तशीच तर..."

"किती दिसांत?"

"कोट्यवधी वर्षं, अप्पा."

"आपल्याजवळ तेवढा टाइम न्हाई. बस डब्यात."

"आन तुमी?"

"एकच माणूस मावतंय. चढ म्हणलं ना!"

डबा वर गेला. प्रकाशाचा गोल झाकला गेला, पुन्हा उघडला. कडेचा एक खडा टपकन खाली पडला. तळपायाखाली काहीतरी हललं, का त्याचेच पाय हलले, कळेना. ओल्या मातीचा वास नाकात भरला. तो वास त्याला ओळखीचा होता.

"अप्पा!" वरून उज्वलाचा रडवेला आवाज आला. "डबा सोडायलेत! भ्यायलाव का?"

"न्हाई गं," तो म्हणाला. "सावकाश सोडा. घाई न्हाई."

आणि दोन्ही हातांनी त्या दगडी झाडाला मिठी घालून तो उभा राहिला.