सरांचं रक्त आणि माझी रेघ

मी काचेची एक चिप बोलतेय. नखाएवढा जीव, अंगावर सोन्याचा मुलामा; पण इतका पातळ, की सोनाराने मला दारातसुद्धा उभं केलं नसतं. त्या दिवसाच्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही. सांगताना अडखळले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म प्रयोगशाळेतला. सर आणि त्यांची विद्यार्थिनी यांनी माझ्या सोन्यावर मासेमारीच्या गळाच्या आकड्यांसारखे रेणू बसवले. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की एक प्रथिन रक्तात उतरतं, तेवढंच त्या आकड्यांनी पकडायचं. पकडलं की माझ्यावरून परतणारा प्रकाश किंचित बदलतो आणि पडद्यावरची रेघ वर चढते. माझ्या आधीच्या चिपा रक्तातलं वाटेल ते चिकटवून घ्यायच्या, त्यामुळे आमच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. विद्यार्थिनी तर उठता-बसता शंका काढायची. सर तिला शंकासुर म्हणायचे.

त्या दिवशी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. त्याने रेघ सपाट राहते ना, हे बघायचं होतं. सरांनी हात पुढे केला.

"माझं घे. मी ठणठणीत आहे. सकाळपासून जरा पित्त झालंय, एवढंच."

रक्तातला पिवळसर द्रव माझ्यावर आला आणि माझे आकडे भराभर भरले. मी हादरले! रेघ सरसर वर गेली.

"बिघडली वाटतं," सर वैतागले. "धू तिला. नाहीतर दुसरी लाव."

अहो, माणसाचं हृदय टाहो फोडत होतं आणि ही शहाणी माणसं मला धूत बसली होती! मग माझी बहीण लावली, एकाच काचेतून कापलेली. तिचीही रेघ वर.

"सगळा घाणाच बिघडलाय," सर म्हणाले.

शंकासुराने पडद्यावरून नजर हटवली. "सर, तुम्हाला एवढा घाम का आलाय?"

"खोली गरम आहे गं."

"मी स्वेटर घालून बसलेय, सर."

ते हसायला गेले आणि त्यांचा हात छातीवर गेला. तिने खुर्ची ओढून त्यांना बसवलं नि फोनवर ओरडली, "ॲम्ब्युलन्स पाठवा, लवकर!"

सर वाचले. आज ते सावकाश चालत आले आणि टाकाऊ चिपांच्या डब्यातून त्यांनी मला शोधून काढलं. माझे आकडे झिजलेत, आता मी कामाची नाही.

उद्या माझ्या बहिणी दवाखान्यांत जातील. त्यांची रेघ चढली तर खुशाल शंका घ्या, त्यांना धुवा, बदला. फक्त आधी त्या माणसाला खुर्ची द्या.