राजाचं बोट

कारखान्यात एक संगमरवरी धड होतं, एक सुटं डोकं, पाच छिन्न्या, दोन हातोडे आणि राजांची उडवलेली तीन नाकं. डोकं सोस्त्रातोस राजाचं, उंची बारा बोटं. बाबा मूर्ती घडवायचे, मापं मी घ्यायचे. धड कायम राहायचं. राजा बदलला की जुन्याच डोक्यातून नवं कोरायचं.

त्या सकाळी सोस्त्रातोस डोंगरात पळाला आणि त्याचा चुलतभाऊ अग्नोन गादीवर बसला. दुपारी तो स्वतःच आमच्याकडे आला. एकोणीस वर्षांचा, काटकुळा.

"त्या कार्ट्याच्या डोक्यात माझं डोकं कोर. पण त्याच्यापेक्षा मोठं हवं. नाहीतर म्हाताऱ्या, उजवा हात विसर."

"महाराज, कोरलं की दगड कमी होतो," बाबा म्हणाले.

"मग होऊ देऊ नकोस!"

बाबांनी जपून कोरलं, तरी दोन बोटं गेलीच. पण आमच्या गावात रिवाज आहे: राजाच्या बोटाची रुंदी हेच गावाचं माप. नवा राजा बसला की त्याच्या बोटाएवढी पितळी पट्टी बाजारात टांगतात, जुनी वितळवतात. अग्नोनचं बोट म्हणजे बोरू. मी नव्या पट्टीने मापलं. डोकं चौदा बोटं भरलं. राजाने बाबांचा उजवा हात हातात घेऊन दाबला आणि आकडा चौथऱ्यावर कोरून घेतला.

तिसऱ्या दिवशी सेनापतीने तट मापला.

"महाराज, तट चारशे बोटं होता, आता पाचशे साठ झालाय!"

"माझ्या राज्यात सगळं वाढतं," अग्नोन म्हणाला. "एवढ्या उंचावर कोण चढणार? निम्मे पहारेकरी घरी पाठव."

सोस्त्रातोसच्या शिड्या मात्र जुन्याच बोटाने केलेल्या होत्या. सहाव्या दिवशी भर दुपारी तो तट चढून आत आला. अग्नोन मासळीच्या टोपलीत बसून बंदरातून निसटला.

सोस्त्रातोस आमच्या दारात उभा राहिला. बोटं काकडीसारखी जाड. चौथरा वाचून त्याच्या कानशिलाची शीर उडू लागली.

"चौदा? त्या काटकीचं डोकं चौदा? माझं जास्त कर. नाहीतर हात."

बाबांनी त्याचा चेहरा परत कोरला. या वेळी नेहमीपेक्षा सावकाश. अजून एक बोट दगड गेला. जुन्या हिशेबाने उरली नऊ.

पितळ ओतणारा राजाची तर्जनी मापायला पुढे झाला. मी त्याला थांबवलं.

"महाराज, कायद्यात 'राजाचं बोट' एवढंच आहे. कोणतं, ते लिहिलेलं नाही."

"मग?"

"करंगळी द्या."

"करंगळी? लोक हसतील!"

"चौथरा वाचून आत्ताच हसतायत."

त्याने करंगळी पुढे केली. पट्टी ओतली, गार केली, मी ती डोक्याला लावली.

हनुवटीपासून टाळूपर्यंत: पंधरा बोटं.