थापड खाणारी पेटी

मी गाण्यातली पेटी बोलतेय. तिजोरी समजून लगबगीनं जवळ येऊ नका. माझ्या पोटात नुसती हवा आहे.

वाल्मीकदादांनी मला नाशिकरोडच्या गल्लीत आणलं, तेव्हा तिथे घरटी एक कलावंत. शेजारी ढोलकीवाला किशोर, समोर क्लॅरोनेट, कोपऱ्यावर पाट्या रंगवणारे काका. दिवसा नोकरी, संध्याकाळी कला. जयंती असो की बारसं, दादांची गायनपार्टी ठरलेली.

माझी एक पट्टी मात्र हट्टी. दाबली की वर येईना आणि सूर "ऊंऽऽ" करत राही. दादा गाता गाता माझ्या कुशीवर थापड मारत, की गप्प. लोकांना वाटे, हीच त्यांची ढब! दोन शिष्य तर आपल्या धडधाकट पेट्यांनाही बडवू लागले.

पुढे गल्ली पाडायचं ठरलं. ज्यानं त्यानं जमेल तिकडे फ्लॅट घेतला. छायावहिनी दादांना म्हणाल्या, "अहो, दोन खोल्यांत एकतर ही घोंघावणारी राहील, नाहीतर मी."

दादा विचार करत बसले. त्यात विचार कसला करायचा? दोन दिवस आमटी अळणी मिळाली.

मग त्यांनी मला गुपचूप दुरुस्त करून आणलं. "छाया, आता हूं की चूं करणार नाही ती!"

"गल्लीतल्या शेवटच्या कार्यक्रमात बघू. मग ठरवते."

कार्यक्रमात मी अगदी शहाण्या मुलीसारखी वाजले. पण किशोरचा हात वरच्या वर! पंधरा वर्षं तो त्या थापडेवरच ठेका उचलत आला होता. ठेका नाही, म्हणून दादांना पुढची ओळ सुचेना.

"किशोर, धर की!"

"दादा, तुम्ही आधी मारा की!"

लोक खुसुखुसू हसू लागले. दादांचा चेहरा पडला. तेवढ्यात पुढे बसलेल्या वहिनी ताडकन उठल्या.

"अहो, बघत काय बसलात? हाणा तिला एक!"

दादांनी अशी हाणली, की ठेका पडला, गाणं उठलं आणि माझी पट्टी पुन्हा अडकून बसली. "ऊंऽऽ!" काय टाळ्या पडल्या!

घर हलवलं त्या दिवशी टेंपोत सगळं सामान मागे होतं. मी पुढे, वहिनींच्या मांडीवर.

आता आम्ही सातव्या मजल्यावर. किशोर पार सिडकोत, क्लॅरोनेट गावी गेलं. दादा रियाजाला बसले की समोरच्या बाई बेल वाजवतात, "वहिनी, तुमचा मिक्सर चालू राहिलाय." मग वहिनी कणीक टाकून येतात आणि मला एक ठेवून देतात. बरोबर ठेक्यात!

माझ्या कुशीवर पिठाची पाच बोटं उमटली आहेत. घरी याल तेव्हा चहा घ्या, गाणं ऐका. पण तेवढी पुसू नका.