ओत्मारनं काढलेलं रान

रियाधमध्ये एक नवं हॉस्पिटल उभं राहत होतं आणि त्याच्या दर्शनी हॉलला चार मोठाली जंगलं हवी होती. खरी कुठून आणणार त्या वाळूत? म्हणून रंगवलेली. त्यासाठी थेट चेक देशातून ओत्मार नावाचा चित्रकार आणला होता, आणि त्याच्या चित्रांना चौकटी करायला दिला होता देवरुखकडचा केरू सुतार.

ह्या ओत्मारची एक तऱ्हा होती. ब्रशला हात लावायच्या आधी तो कोऱ्या कॅनव्हाससमोर मांडी घालून डोळे मिटून बसायचा. रान आधी आत उगवतं, मग बाहेर, असं त्याचं म्हणणं. तोवर खोलीत बोलणं बंद, मोबाइल बंद. "बसल्या बसल्या झोपतो मेला, आणि त्याला म्हणे ध्यान!" कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत केरू नक्कल करायचा आणि दापोलीचा शौकत हसून हसून लोळायचा. पण माणूस लाख होता हो. स्वतःला चहा केला की केरूलाही करायचा.

एका दुपारी केरूच्या धाकट्या भावाचा, तुकारामचा, गावाहून फोन आला.

"दादा, वयनीची तब्येत बिघडलीय. दवाखान्यात ठेवलंय. सुट्टी मिळते काय बघ."

"शेवंताला दे जरा."

"आता झोपलीय रे. उद्या बोल."

केरू काय ते समजला. आखातातल्या माणसाला मरण कुणी फोनवर सांगत नाही. आजारी आहे, निघून ये, एवढंच सांगतात. खरं काय ते घराच्या अंगणात पाय ठेवल्यावर. गेल्या वर्षी कॅम्पातल्या दौलतचे वडील वारले तेव्हा ह्याच केरूनं त्याच्या पाठीवर हात फिरवत सांगितलं होतं, "झोपलेत रे ते, उद्या बोल." म्हणजे शेवंता गेली. त्यानं कसंबसं "बरं" म्हटलं आणि मोबाइल बंद करून टाकला. चालू ठेवला असता तर कुणीतरी ते बोलून टाकलं असतं, आणि ते ऐकायची त्याची छाती नव्हती.

सुट्टी मागायला गेला तर ऑफिसात मॅनेजर म्हणाला, पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाकडे, आणि कफील मक्केला, शनिवारी बघू. एरवी केरूनं ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. आता कशासाठी भांडायचं? तोंड तरी बघायला मिळणार होतं का? तो मुकाट परतला.

"वाइफ... खलास," एवढंच तो ओत्मारला सांगू शकला. ओत्मारनं त्याला कॅम्पात जाऊच दिलं नाही. तिथल्या गोंगाटात ह्याचं काय होईल, अशी त्याला काळजी. शेजारी बसवलं, डोळे मिटायला लावले, श्वासाकडे बघ म्हणाला. आणि काय सांगावं, गळ्यापर्यंत आलेला हुंदका हळूहळू खाली गेला. ह्यालाच आपण हसत होतो, केरूच्या मनात आलं.

तीन दिवस केरू ओत्मारच्या चित्रांच्या खोलीतच राहिला. मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत, हातवारे करून तो घरामागचं रान सांगत होता: ऐन, किंजळ, झाडाझाडांतून लोंबणाऱ्या वेली, आणि डोक्यावर फाट्यांची मोळी घेऊन शेवंता उतरायची ती पायवाट. ओत्मारनं हॉस्पिटलचं काम बाजूला सारलं आणि ते रान काढायला घेतलं. "इथं अंधार पाहिजे, मिस्टर. इथं ऊन पोचत नाही," केरू सांगायचा, आणि तिथं अंधार यायचा. त्याला दोन घास जायला लागले, झोप लागायला लागली. बायकोला नीट पोचवल्यासारखं वाटलं त्याला.

शनिवारी पासपोर्ट हातात आला. विमानाची वेळ कळवायला केरूनं मोबाइल चालू केला.

"दादा! अरे होतास कुठं?" तुकाराम ओरडलाच. "आज पहाटे गेली रे वयनी! कालपर्यंत शुद्धीत होती. फोन लावा, फोन लावा म्हणून पाठ सोडत नव्हती. तुझा आपला बंदच. शेवटी म्हणाली, कामात असतील ते, नका त्यांना त्रास देऊ."

केरू भिंतीला टेकला. ओत्मार हातातला ब्रश तसाच घेऊन धावत आला.

"मिस्टर, ती जिवंत होती," केरू त्याच मोडक्या हिंदी-इंग्रजीत म्हणाला. "काल जिवंत होती. मी कॅम्पात गेलो असतो तर ऊर बडवून रडलो असतो. शौकतनं लगेच आमच्या घरी फोन लावला असता, कधी गेली, कशी गेली विचारायला. आमच्यात विचारतातच. ती बोलली असती हो माझ्याशी! तुम्ही मला शांत केलंत, मिस्टर. कशाला शांत केलंत?"

ओत्मारचा चेहरा पांढराफटक पडला. तो काहीतरी पुटपुटला, पण ते त्याच्याच भाषेत. केरू खाली बसला आणि असा मोठ्यानं रडायला लागला की हॉलमधले सगळे कामगार हातातलं टाकून धावत आले. कुणी त्याला धरलं, कुणी पाणी आणलं, आणि एकानं आपला मोबाइल काढून विचारलं, "घरचा नंबर काय रे ह्याचा?"