दुसरी शेड

“कारभारी, काम तुझंच धर,” सरपंच आप्पासाहेब भर ग्रामसभेत म्हणाले. “वस्तीसाठी येगळी स्मशान शेड. आजच ठराव करून घिऊ.”

माना डोलल्या. कारभारीची मान मात्र हलेना. फुलंब्री रोडवर त्याचं वेल्डिंगचं दुकान. निम्मी कामं पंचायतीची. गावची शेडही त्यानंच उभी केलेली. कागदावर ती सगळ्यांची होती. तरी गावकुसाबाहेरच्या दलित वस्तीतली माणसं आपलं मयत ओढ्याकाठी, उघड्यावरच जाळत. कारभारीला ते ठाऊक होतं, आणि शेड उभी राहिल्यापासून बारा वर्षं तो गप्प होता. यंदा पावसात मयत अर्धवट जळालं, तेव्हा वस्तीतल्या लक्ष्मणनं शेडमध्ये जागा द्या म्हणून अर्ज केला. त्यावर हा तोडगा निघाला होता.

कारभारी उठला.

“मला नको ते काम.”

“का रं? लई कामं झाली व्हय?”

“हाय ती शेड सरकारी हाय. तिथं कुणाला मनाई हाय का? नाय ना? मंग दुसरी कशाला? आज कागदावर दोन केल्या, की उद्या पोरं म्हणतील हाच कायदा. माझा विरोध लिहा.”

ग्रामसेवकाचा पेन थांबला. चुलतभाऊ राजकुमारनं कारभारीचा सदरा ओढला. “बस की खाली! धंदा बुडवतो का?”

तो बसला नाही.

“आप्प्या,” बायकांमधून आवाज आला. सरपंचांची आत्या, आशाबाई. “मेल्यावर बी शिवाशीव पाळतो व्हय रं?” तिनं ठरावाविरुद्ध हात वर केला. मग दाराशी उभ्या लक्ष्मणचा हात, वस्तीचे हात, एकेक करत बायकांचेही.

ठराव पडला.

पंचायतीची कामंही बंद झाली. कारभारी चितेगावला कंपन्यांची गेटं जोडायला जाऊ लागला.

पौषात लक्ष्मणची आई गेली. तिरडी पहिल्यांदाच ओढ्याकडं न वळता शेडकडं आली. गावातला कारभारी तेवढा सोबत चालला. आणखी पाचसहाजण लांब बाभळीखाली थांबले. सरण रचताना लाकूड कमी पडलं. लक्ष्मण कावराबावरा झाला. तेवढ्यात लाकडं भरलेला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला.

“कुणी पाठवला रं?” कारभारीनं विचारलं.

“नाव सांगू नको म्हणलेत आप्पासाहेब,” ड्रायव्हर म्हणाला.

कारभारीनं बाह्या सारल्या. बाभळीखालची माणसं, कुणी न बोलावता, लाकडं उतरवायला आली.